काडेपेटीतील चिठ्ठी

ज्या शाळेत मी एकतीस वर्षे अध्यापन केले, त्या शाळेत गेल्या हिवाळ्यात एका लहानशा समारंभासाठी जाण्याचा योग आला. समारंभ आटोपला, चहापान झाले, आणि निवृत्त शिक्षकाची पावले जिकडे वळावयाची तिकडेच ती वळली. विज्ञानाची खोली जागेवर होती. परंतु तिच्यात आता संगणकांच्या रांगा मांडलेल्या होत्या आणि पश्चिमेच्या भिंतीशी उभे असलेले काचेचे कपाट नाहीसे झाले होते. मुलांनी वर्षानुवर्षे टेकड्यांवरून, नदीकाठावरून, आजोळच्या वाटांवरून उचलून आणलेल्या वस्तू त्या कपाटात होत्या. सुगरणीची गळून पडलेली घरटी, सापाची कात, साळिंदराचे काटे, गारगोट्या, सावरीची बोंडे, गोगलगायींचे शंख, पतंगांचे कोश आणि नाना तऱ्हेच्या बिया. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या शिपाईमामांपाशी चौकशी केली, तेव्हा ते संकोचून म्हणाले, “सर, सगळं टाकून दिलं. कशावर काही लिहिलेलंच नव्हतं. कुणाचं, कुठलं, कधीचं, काही कळेना.” मग टेबलाचा खण उघडून त्यांनी एक जुनी काडेपेटी माझ्या हातावर ठेवली. “ही एवढी राहिली. हिच्यात कागद होता, म्हणून ठेवली.”

काडेपेटीत गुंजेच्या बारा बिया होत्या आणि घडी घातलेली चिठ्ठी होती. आठवीतल्या एका मुलीचे ते अक्षर. ‘रविवार, ता. ६ जानेवारी १९९१. वेताळ टेकडी. खाणीकडून देवळाकडे जाताना उजव्या हाताला, बाभळीजवळच्या दगडांवर गुंजेचा वेल. शेंगा उकलल्या आहेत. तेरा बिया घेतल्या. बाकीच्या वेलावर ठेवल्या.’

कपाट गेल्याचा मला प्रथम राग आला होता. घरी पोहोचेपर्यंत तो माझ्यावरच उलटला. शिपाईमामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी मुलांना चालायला शिकवले, वाकून पाहायला शिकवले, उचलायला शिकवले; लिहायला मात्र शिकवले नाही. एखादीने ते आपल्या बुद्धीने केले असेल तर ते श्रेय तिचे. जिच्यावर काही लिहिलेले नाही अशी गारगोटी कपाटात असली काय आणि आवाराबाहेरच्या खडीत असली काय, तिचे मोल सारखेच. ती टाकून देणाऱ्याने अपराध केला असे मला आता वाटत नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की निसर्गातील वस्तू गोळा करण्याचा आणि त्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद पूर्वी मूठभर लोकांचा होता, तो आता घराघरांत पोहोचला आहे. सकाळी टेकडीवर जाणारा कारकून, सहलीला निघालेला विद्यार्थी, गडावर चढणारी शिक्षिका, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फुले, पाखरे, किडे, पाने यांची इतकी चित्रे महाराष्ट्रात कधी काढली गेली नसतील. आणि तरीही माझ्या त्या कपाटाची जी गत झाली, तीच या चित्रांची होत आहे असे मला दिसते.

प्रथम छंदाच्या सुखाविषयी. ते ज्याने घेतले नाही त्याला बाकीचा वाद पोकळ वाटेल. या छंदाला पैसा लागत नाही, दूरचा प्रवास लागत नाही. एकच वाट बारा महिने तुडवावी लागते. मृग नक्षत्र लागते आणि पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर मखमलीचा लाल ठिपका चालू लागतो. त्याला आपण मृगाचा किडा म्हणतो. माझ्या वर्गातील एका मुलाने तो काडेपेटीत घालून आणला, भिंगाखाली धरला आणि उभा राहून म्हणाला, “सर, याला आठ पाय आहेत. मग हा कीटक कसा?” मुलाचे बरोबर होते. तो कीटक नव्हेच. कोळी, विंचू, गोचीड यांच्या कुळातला आहे. त्या दिवशीचा पाठ मी बाजूला ठेवला, आणि तास संपल्यावर तो प्राणी जिथून आणला तिथे सोडून येण्यास त्या मुलास सांगितले. जिवंत वस्तू पेटीत ठेवायची नाही, हा आमचा नियम त्या दिवसापासूनचा.

श्रावण-भाद्रपदात सागाच्या रानात पाने जाळीदार होऊ लागतात. एका पतंगाच्या अळ्या पानाचा हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या सोडतात. असे पान उन्हासमोर धरले की एखाद्या गावाचा नकाशाच हातात आल्यासारखे वाटते. याच सुमारास मोर आपला पिसारा गाळतो. आश्विन-कार्तिकात सुगरणीची जुनी घरटी वाऱ्याने खाली येतात. त्यांतले एखादे अर्धवट विणलेले, शिरस्त्राणासारखे असते. नराने ते तेवढे विणले, मादीने येऊन पाहिले आणि नापसंत केले, अशी त्यामागची कथा असू शकते. घरट्याच्या आतल्या अंगाला हात लावून पाहावा. तिथे चिखलाचे वाळलेले लपके सापडतात. ते पक्ष्याने मुद्दाम लावलेले असतात. मात्र घरटे झाडावर लोंबत असेल तर ते जुने दिसले तरी काढू नये. सोडून दिलेल्या घरट्यांत पुढे मुनिया आसरा घेतात.

कार्तिकातली माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे कुसळ. टेकडीवरून परतल्यावर पायमोज्यांत रुतलेली कुसळे शिव्या देत उपटणाऱ्यांनी त्यातले एक टेबलावर ठेवावे आणि त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडावा. ती शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरू लागते. ओलाव्याने पीळ उलगडतो, कोरडेपणाने पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हा खेळ चालू राहून बीज स्वतःच स्वतःला मातीत गिरमिटासारखे रोवून घेते. पदार्थविज्ञान आणि वनस्पतिशास्त्र यांची भेट घडवणारे याहून स्वस्त उपकरण कोणत्याही प्रयोगशाळेच्या यादीत मला आढळले नाही.

माघ-फाल्गुनात सावर, पळस, पांगारा यांचा सडा पडतो आणि वर्ष सरता सरता वावळाची कागदासारखी चपटी फळे पुण्याच्या रस्त्यांवर वाऱ्याबरोबर धावतात. वैशाखात सावरीची बोंडे उकलून कापूस तरंगू लागतो. पडक्या वाड्याच्या तळघरात गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेली केसांची आणि हाडांची गोळी सापडली तर ती पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवावी. आत उंदरांचे जबडे दातांसकट निघतात. कोकणातून येणाऱ्या मुली सागरगोटे आणीत. ते खेळण्यासाठी असतात एवढेच त्यांना ठाऊक असे. काटेरी शेंगेतली ती राखाडी बी समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जाते, हे सांगितले की डोळे विस्फारत. गुंज तर सोनाराच्या तराजूतून आपल्या भाषेत आलेली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तिचे वजन फारसे कमीजास्त होत नाही म्हणून तिला हा मान मिळाला. बी फोडली तर ती अत्यंत विषारी असते, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे लागे.

आता माझा अपराध सांगतो. १९८४ साली भाद्रपदात एका गडाच्या उतारावर गवतात मला कंदीलपुष्प दिसले. खर्पुडी, हमण अशी नावे असलेल्या गटातील ही वनस्पती. फूल खरोखरच टांगलेल्या कंदिलासारखे. माझ्यापाशी तेव्हा आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा चित्रे निघत आणि हातभर अंतरावरचे काहीही स्पष्ट येत नसे. चित्र येणार नाही म्हणून मी ते रोप कंदासकट उपटले, वर्तमानपत्रात दाबून घरी आणले. पुढील वर्षी त्याच जागी गेलो; तिथे काही नव्हते. त्यानंतरही बऱ्याच वर्षी गेलो. मी उपटलेले रोप तिथले शेवटचे होते असा दावा मी करणार नाही, पण ते नव्हते असे म्हणण्याचा धीरही मला होत नाही. यावर कडी म्हणजे वाळलेल्या नमुन्यासोबत मी चिठ्ठी लिहिली नव्हती. महिना आणि गड मला आठवतो म्हणून मी तो सांगतो. माझ्यानंतर तो कागद ज्याच्या हाती पडेल त्याच्या दृष्टीने ते एक सुकलेले गवत असेल. रोपही गेले आणि त्याची साक्षही गेली.

चिठ्ठीला मी इतके महत्त्व का देतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच एका पक्ष्याने दिले आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ साली ह्यूम याने शास्त्राला परिचित करून दिले. त्याचे मोजकेच नमुने जमले आणि खात्रीचा शेवटचा नमुना १८८४ सालचा. पुढे तो कोणाला दिसेना. परंतु रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर गुजरातमधील मांडवी हे ठिकाण व १९१४ हे साल लिहिलेले होते. अर्थात शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. मोठमोठ्या पक्षितज्ज्ञांना तिने चकवले आणि रानपिंगळा बहुधा नामशेष झाला असा समज रूढ होत गेला. पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेने क्ष-किरणांच्या साहाय्याने तो नमुना तपासला, तेव्हा उघड झाले की तो मुळात डेव्हिडसन या दुसऱ्याच संग्राहकाने एकोणिसाव्या शतकात मिळवलेला होता. सेनाधिकाऱ्याने संग्रहालयातून तो चोरला, पुन्हा शिवला आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली. खोटा पत्ता वगळून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणांचा माग काढीत रासमुसेन आणि त्यांचे सहकारी १९९७ च्या नोव्हेंबरात खानदेशात शहाद्याजवळ आले, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पुढे तो मेळघाटात आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. पक्षी कुठेच गेला नव्हता. त्याचा पत्ता चुकीचा लिहिला गेला होता.

ही गोष्ट मी शिक्षकांच्या एका मेळाव्यात सांगितली तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाले, “पण सर, हे मोठ्या संशोधकांचं झालं. आमच्या मुलांनी तारीख लिहून काय साधणार?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना १८८३ सालची आठवण दिली. त्या वर्षी १५ सप्टेंबर रोजी मुंबईतील आठ गृहस्थ भायखळ्याच्या संग्रहालयात जमले. महिन्यातून एकदा भेटावे, आपापली टिपणे एकमेकांना वाचून दाखवावी, सापडलेले नमुने मांडावे, एवढाच त्यांचा बेत. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. या बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. पुढे पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन सलीम अली नावाचा मुलगा तिच्या दारात गेला, तेव्हा तिथल्या खणांतून ओळीने मांडलेले पक्षी त्याला दाखवण्यात आले. आपण त्या चिमणीची गोष्ट सांगतो. त्या खणांतील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीची सांगत नाही.

शिवाय काही गोष्टी अशा असतात की ज्या मोठ्या संशोधकापेक्षा रोज त्याच वाटेने जाणाऱ्या माणसालाच कळतात. कारवी वर्षानुवर्षे नुसती वाढते आणि मग एकाच पावसाळ्यात सारा डोंगर निळा-जांभळा करून मरून जाते. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. पण सगळ्या सह्याद्रीत तिचे साल एक नसते. आपल्या गावच्या डोंगरावर ती कधी फुलली हे आठ वर्षांनी सांगणारा माणूस त्या गावात असावा लागतो, आणि त्याची वही असावी लागते. झाडांना पालवी, मोहर, फळे कधी येतात याची देशभरची टिपणे गोळा करणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू झाला, तो शाळकरी मुलांच्या अशाच नोंदींवर उभा आहे.

छायाचित्राने या छंदाचे फार मोठे कल्याण केले, हे मी त्या कंदीलपुष्पाच्या अनुभवानंतर शंभर वेळा मान्य करीन. जे जिवंत आहे ते उपटण्याचे, मारण्याचे, पेटीत कोंडण्याचे कारणच उरले नाही. अलीकडे एका घाटमाथ्यावर मला पुन्हा कंदीलपुष्प दिसले. ओल्या गवतात मी पोटावर पालथा पडलो, फोनने त्याची चित्रे घेतली आणि उठलो. रोप जागेवर राहिले. तरीही छायाचित्र ही वस्तूची पूर्ण जागा घेऊ शकत नाही, असे माझे मत आहे. कुसळाचा पीळ चित्रात फिरत नाही. सावरीच्या कापसाचा हलकेपणा आणि गारगोटीचा जडपणा चित्रात सारखाच. म्हणून माझा विभाग सरळ आहे. जे गळून पडले ते हाताळावे, थोडे आणावे, बरेच ठेवावे. जे जगते आहे त्याचे चित्र घ्यावे. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणणे कायद्याला मान्य नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना संरक्षण दिले आहे, आणि २००१ पासून प्रवाळ व काही जातींचे शंख-शिंपलेही त्या यादीत आले आहेत. किनाऱ्यावर पोरे गोळा करतात ते सारेच निषिद्ध आहे असे नाही. पण शिक्षकाने आधी ठाऊक करून घ्यावे.

चित्र कसे घ्यावे याविषयी अनुभवाचे दोन शब्द. नुसत्या फुलाचे चित्र पुरत नाही. पान, खोड, सबंध झाड आणि ते जिथे उभे आहे ती जागा, एवढी चित्रे घेतली तर जाणकाराला ओळख पटवता येते. शेजारी नाणे किंवा आगकाडी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. दुपारचे ऊन टाळावे. एवढे सगळे लोक हळूहळू शिकतात. पण ते चित्र पुढे काय होते? ते मित्रमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, आणि त्या वाटेने जाताना फोनने आपोआप नोंदलेली तारीख व जागा गळून पडते. दहा हातांतून फिरून ते परत येते तेव्हा कोणी त्याखाली लिहिलेले असते की हे फूल हिमालयात कित्येक शतकांतून एकदाच उमलते, दर्शन घ्या आणि पुढे पाठवा. सुशिक्षित माणसे, क्वचित शिक्षकही, ते पुढे पाठवतात. माइनर्ट्‌झहागेनने हे कृत्य कीर्तीसाठी केले आणि त्याला निदान चोरीचे कष्ट घ्यावे लागले. आपण ते फुकट आणि बसल्याजागी करतो.

याला पर्याय नाही असे नाही. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या ठिकाणी तारीख व स्थळ यांसह चित्र दिले तर जगभरचे जाणकार ओळख सुचवतात आणि ती नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा चव्हाट्यावर मांडली की दुसऱ्या आठवड्यात तिथे चित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडते, गवत तुडवले जाते, कंद नाहीसे होतात. म्हणून अशा जातींचे स्थळ तिथे धूसर ठेवण्याची सोय आहे. चिठ्ठी खरी असावी, नेमकी असावी. ती प्रत्येकाला वाचून दाखवलीच पाहिजे असे नाही.

माझ्या घरी रोज एक पान फाडायचे कॅलेंडर असते. फाडलेली पाने मी ठेवतो. त्यांवर तारीख, वार, तिथी छापलेली असतेच. मागच्या कोऱ्या बाजूला जागा आणि दोन ओळी लिहिल्या की चिठ्ठी तयार. शाळांनी यासाठी वेगळा विषय, वेगळे पुस्तक, गुण आणि परीक्षा आणू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे. तसे झाले तर बाजारात वाळलेली पाने आणि छापील चिठ्ठ्या तयार मिळू लागतील. आठवड्यातून एक तास, एकच वाट आणि एक काडेपेटी पुरे.

समारंभानंतरच्या रविवारी ती चिठ्ठी खिशात घालून मी वेताळ टेकडीवर गेलो. खाण होती, देऊळ होते. उजव्या हाताला दगडांची ओळ सापडली. बाभूळ नव्हती. वनीकरणात लावलेल्या गिरिपुष्पाची तिथे आता दाटी झाली आहे; त्यांच्या वाळक्या शेंगा पायांखाली मोडत होत्या. अर्धा तास मी दगडांच्या दोन्ही अंगांना वाकून पाहिले. मग एका दगडावर बसलो, त्या मुलीच्या चिठ्ठीच्या पाठीमागे त्या दिवसाची तारीख लिहिली आणि खाली लिहिले, ‘वेल आढळला नाही. गिरिपुष्प बरेच.’ चिठ्ठी घडी घालून पुन्हा काडेपेटीत, बारा बियांवर ठेवली.